इंदिरानगरचं गुप्त व्रत

डॉक्टरांनी माझा रिपोर्ट आधी सुलटा वाचला, मग उगाचच पाठीमागून वाचला, चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "काकू, तुमचे उपवास बंद करावे लागतील."

मी खुर्चीचा हात घट्ट धरला. साखर बंद करा म्हणतील, तळलेलं बंद करा म्हणतील, फार तर भात बंद करा म्हणतील, एवढी मनाची तयारी करून मी आले होते. आमच्या सोसायटीतल्या सगळ्या बायकांचे डॉक्टर तेच बंद करतात. उपवास बंद करणारा डॉक्टर मी पहिल्यांदाच बघत होते. आणि हा ललित डॉक्टर काही नास्तिक दिसणारा नव्हे. कपाळाला बारीकसं गंध, टेबलावर गणपती, गणपतीला ताजं जास्वंद. गणपतीसमोर बसून असं बोलवतं तरी कसं माणसाला!

"अहो, पण उपवासानं तर..." मी म्हणाले. माझा आवाज मुळात बारीक, आणि घाबरले की तो आणखी आत जातो. शेजारी आमचे हे बसले होते. लग्नापासून ते माझं बोलणं लोकांना मोठ्यानं सांगत आले आहेत. "ती म्हणतेय, उपवासानं वजन कमी व्हायला पाहिजे."

"व्हायलाच पाहिजे. काल काय होतं?"

"सोमवार."

"मग काल काय काय खाल्लं?"

खोटं बोलायचं नाही, हा माझा नेम आहे. त्यामुळे मी सगळं सांगितलं. सकाळी साबुदाण्याची खिचडी. तिच्यात दाण्याचं कूट जरा सढळ हातानं, कारण कूट कमी पडलं की साबुदाणा चिकटतो. मधल्या वेळेला केळं आणि दूध. दुपारी भगर, दाण्याची आमटी आणि बटाट्याची भाजी. चहाबरोबर राजगिऱ्याचा लाडू. संध्याकाळी दिवा लावून उपवास सोडला, तेव्हा साधंच, वरण, भात, पोळी, भाजी. आणि सोडताना गोड लागतं, म्हणून थोडा शिरा.

डॉक्टर लिहून घेत होते, ते लाडवापाशी थांबले. "आणि उपवास नसतो त्या दिवशी?"

"त्या दिवशी दोन वेळा जेवते फक्त."

"मग तुमची तब्येत त्याच दिवसांच्या जोरावर टिकली आहे. आठवड्यात उपवास किती?"

"कोणत्या दिवशी नसतो ते सांगतो," आमचे हे म्हणाले. "लवकर आटपेल."

साखर अगदी काठावर आली होती. डॉक्टरांनी फोनमध्ये महाशिवरात्रीची तारीख बघितली. तोवर साखर खाली आली आणि वजन उतरायला लागलं, तर उपवास माझे. नाही आली, तर गोळी सुरू. गोळी जेवणाबरोबर घ्यायची, म्हणजे उपवास बंद, आणि त्यात महाशिवरात्रही आली.

बाहेर पडल्यावर हे म्हणाले, "एवढं काय मनाला लावून घेतेस? देवाला कळतं."

देवाला कळतं, ते खरं आहे. पण माझे उपवास नुसते उपवास नाहीत. सोमवार यांच्यासाठी धरलेला. गुरुवार आमच्या मयूरच्या टायफॉइडपासूनचा. चतुर्थी आमच्या लेकीच्या, मोहिनीच्या बाळंतपणातली. आणि एकादशी तर माझी नव्हेच, ती सासूबाईंची. त्यांना जेव्हा उठवेना, तेव्हा त्यांनी माझा हात हातात घेऊन ती माझ्याकडे दिली होती, घराच्या किल्ल्या देतात तशी. एवढी सगळी माणसं मी एकेका दिवशी सांभाळते. आता एका चिठ्ठीसरशी यांना सगळ्यांना कोणाच्या भरवशावर सोडायचं?

तेव्हा मी ठरवलं. उपवास वाचवायचे असतील, तर आधी जेवायला शिकायचं.

डॉक्टरांच्या मिसेस, रूपाली मॅडम, शेजारच्याच खोलीत आहाराचं बघतात. गोड मुलगी. तिनं मला 'आंटी' म्हणत एक तक्ता दिला. त्यात ओट्स, ब्रोकोली, किनोआ आणि चिया अशी मंडळी होती. किनोआ शोधत आमचे हे थेट रविवार कारंजापर्यंत जाऊन आले. एका दुकानदारानं त्यांना राळे दिले, दुसऱ्यानं राजगिरा दिला आणि तिसऱ्यानं चांगल्या डॉक्टरचा पत्ता दिला. मी पुन्हा जाऊन रूपाली मॅडमना विचारलं, "हे सगळं नाशिकमध्ये पिकतं का?" ती हसली आणि म्हणाली, "आंटी, मग भाकरी खा, मूग खा, आधी काकडी-गाजर खा, साखर सोडा आणि चाला. तेवढं केलंत तरी खूप."

तेवढं तर तेवढं. मी सुरू केलं आणि लगेच मोडलंही. धनराज आहेर आमच्या सोसायटीचे चेअरमन. त्यांच्याकडे सत्यनारायण होता. प्रसादाला नाही म्हणायचं नाही, हाही माझा नेम. सत्यनारायणाच्या प्रसादात रवा, तूप आणि साखर सारख्याच मापानं घेतात, हे मला माहीत होतं. तिथे एक द्रोण खाल्ला. त्यांच्या आईंनी, म्हणजे मोठ्या आहेर काकूंनी, 'नीट दर्शन झालं नसेल' म्हणून दुसरा दिला. यांच्यासाठी म्हणून बांधून दिलेला तिसरा. हे बाहेरगावी होते आणि प्रसाद शिळा ठेवायचा नसतो.

दुसऱ्या दिवशी देवघरात बसले, तेव्हा लाज वाटली. माझी एक पद्धत आहे. उठल्यापासून पूजा होईपर्यंत मी मौन पाळते. त्या वेळात विचार फार होतात, कारण तोंडाला काही काम नसतं. मला वाटलं, काय गंमत आहे! तापात असताना माझा सोमवार मोडला नाही, प्रवासात एकादशी मोडली नाही, आणि भाकरी-काकडीचा साधा आहार मात्र पहिल्याच शिऱ्याला मोडला. का? तर त्याचा संकल्प सोडला नव्हता! तक्त्यावर रूपाली मॅडमची सही होती, देवाची नव्हती. देव बघत नसताना आपण किती ढिले होतो बघा.

मग मी तळहातावर पाणी घेतलं आणि मनातल्या मनात संकल्प केला. महाशिवरात्रीपर्यंत साखर नाही, साबुदाणा नाही. ताटात पहिला घास काकडीचा किंवा गाजराचा. भाकरी एक. संध्याकाळचं जेवण दिवेलागणीला. रोज चालणं. प्रसाद बोटाच्या टोकावर मावेल एवढाच. उपवासाच्या दिवशी फळ आणि ताक. माझ्या माहेरून आलेली अन्नपूर्णा ताम्हनात बसली होती. तिच्यासमोर पाणी सोडलं. फार बरं वाटलं.

पाणी सोडून हात पुसते न पुसते, तोच दारात भाग्यश्री.

भाग्यश्री निकम आमच्या वरच्या मजल्यावर राहते. मनानं सोनं. पण तिच्याकडे बातमी एका जागी राहत नाही. तिच्या हातात गुलाबजामचं पातेलं होतं. मुलगा ओम कुठल्याशा परीक्षेत पास झाला होता.

"काकू, गरम आहेत, आधी तोंडात टाका!"

माझं मौन. मी हात हलवून नाही म्हटलं.

"का हो? उपवास?" मी मान हलवली, नाही. "पोट बिघडलंय?" नाही. "मग व्रत आहे का काही?"

आता, पाणी तर मी नुकतंच सोडलं होतं. खोटं बोलायचं नाही हा नेम मानेलाही लागू आहे. मी मान डोलावली.

"कोणाचं?"

माझं मौन आहे, हे तिला सांगावं म्हणून मी ओठांवर बोट ठेवलं. भाग्यश्रीचे डोळे मोठे झाले. तिनं पातेलं खाली ठेवलं आणि एकदम हलक्या आवाजात म्हणाली, "सांगायचं नसतं? म्हणजे गुप्त?"

मी दोन्ही हात हलवले. तिनं त्याचाही आपल्या परीनं अर्थ लावला. देवघराकडे वाकून नमस्कार केला, पातेलं उचललं आणि गेली. माझी पूजा संपून मौन सुटेपर्यंत तीन विंगांना कळलं होतं, की कोठावदे काकूंनी गुप्त व्रत धरलं आहे.

मी तिला गाठून सांगितलं, की अगं, तसं काही नाही, साधं खाणं कमी केलंय. माझा आवाज आधीच बारीक. भाग्यश्री म्हणाली, "कळलं काकू, कळलं. तुम्ही असंच म्हणणार. गुप्तच आहे ना ते."



आठवडाभरात तिनं स्वतः व्रत धरलं. मी जे जे करते, ते ती जिन्यातून बघून जायची. मग बी विंगमधल्या दोघी आल्या. मग धनराज आहेरांच्या घरातूनच मोठ्या आहेर काकू आल्या. त्यांच्या शंका निघायला लागल्या. काकडी सोलून की सालीसकट? मासिक अडचण असली तर गाजर चालतं का? नवऱ्यानं भज्यांचा घाणा तळायला लावला, तर वासानं व्रत मोडतं का? मी आपली जमेल तशी उत्तरं द्यायची. सालीसकट. चालतं. मोडत नाही, पण खिडकी उघडावी.

आमचे हे वर्तमानपत्राच्या आडून म्हणाले, "आता एक मठ काढ. मी बाहेर चपला सांभाळत बसतो." घरात भाकरी आणि मुगाचं राज्य आल्यापासून त्यांच्या बोलण्याला धार चढली होती. रविवारी सकाळी ते 'जरा फिरून येतो' म्हणून जायचे आणि मिसळीच्या तर्रीचा वास घेऊन यायचे. मी काही विचारायची नाही. संकल्प माझा होता, त्यांचा नव्हता.

चालण्याचा प्रश्न मात्र अवघड झाला. भाग्यश्रीचं मत पडलं, की व्रतातलं चालणं म्हणजे प्रदक्षिणाच. सोसायटीच्या आवारात छोटं गणपतीचं देऊळ आहे. त्याभोवती आम्ही फिरू लागलो. दोनच दिवसांत नोटीस लागली. 'आवारात विनापरवाना सामूहिक प्रदक्षिणा घालू नये.' खाली धनराज आहेरांची सही.

मी त्यांच्या ऑफिसात गेले. आहेर सरकारी नोकरीतून निवृत्त झाले, पण नोकरी त्यांच्यातून निवृत्त झाली नाही.

"वहिनी, अर्ज करा. माझी काही हरकत नाही. फक्त विषय काय लिहायचा? धार्मिक कार्यक्रम, का व्यायाम?"

"दोन्ही थोडं थोडं," मी म्हणाले.

"तसा रकाना नाही. धार्मिक असेल, तर सभेचा ठराव लागतो. व्यायाम असेल, तर व्यायामाची खोली आहे, तिथेच करावा लागेल."

व्यायामाच्या खोलीत गेली कित्येक वर्षं गणेशोत्सवाचा मंडप, मोडक्या खुर्च्या आणि आहेरांच्याच घरचा जुना फ्रीज आहे. मी तसं म्हणाले. ते म्हणाले, "फ्रीज हलवायचा तर त्याचा वेगळा अर्ज."

"घरी तुमच्या आई पण आमच्यात आहेत," मी हळूच म्हणाले.

"तिलाही अर्ज करावा लागेल," आहेर म्हणाले. माणूस कायद्याचा, पण घरात बहुधा त्यांनाही संध्याकाळी काकडीच मिळत असावी. चेहऱ्यावर राग दिसत होता.

शेवटी आम्ही जॉगिंग ट्रॅकवर गेलो. साड्या, स्वेटर, कानाला स्कार्फ, डिसेंबरची थंडी. भाग्यश्री पुढे, मोठ्या आहेर काकू मध्ये, मी आपली मागे तोंडातल्या तोंडात स्तोत्र म्हणत. आम्ही देवळातल्यासारख्या उजवीकडून निघालो. अर्ध्या वाटेवर लक्षात आलं, की सगळं इंदिरानगर समोरून अंगावर येतंय. ट्रॅकवर सगळे लोक उलट्या बाजूनं फिरतात! का, ते देव जाणे. एक उंच तरुण कानात बोंडं घालून पळत आला, तो भाग्यश्रीवर आदळता आदळता वाचला.

"ओ काकू, राँग साइड!"

"राँग तुम्ही!" भाग्यश्री म्हणाली. "प्रदक्षिणा आहे ही. उलटी घालतात का कधी?"

"प्रदक्षिणा? कोणाची? मध्ये तर नुसती बाकडी आहेत!"

भाग्यश्रीनं माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. मी ट्रॅकच्या मधल्या मोकळ्या जागेकडे नजर टाकली आणि देवानं लाज राखली.

"उंबर आहे," मी म्हणाले.

खरंच होता. बाकड्यांच्या मागे, बऱ्यापैकी जुना. तरुणानं वळून पाहिलं, कानातलं एक बोंड काढलं आणि हात जोडले. त्यानंतर तो त्याच्या बाजूनं आणि आम्ही आमच्या बाजूनं. उलटसुलट फिरत असल्यामुळे प्रत्येक फेरीत आमची गाठ पडायची आणि प्रत्येक वेळी तो धापा टाकत 'जय गुरुदेव' म्हणायचा. पुढे पुढे तर लोक आमच्यासाठी आतली कड मोकळी सोडू लागले. मला मात्र रात्रंदिवस एकच टोचणी. देवाला वाटेल, हिनं माझ्या नावावर साखरेचा रिपोर्ट खपवला.

ती टोचणी वाढली संक्रांतीला. माझ्या मालेगावच्या नणंदेचा फोन आला. ती घरात अहिराणीच बोलते. "वहिनी, तुमना नासिकमा नवं व्रत निंघेल शे म्हने! तुले माहीत शे का नही?" आणि तिनं मला मेसेज पाठवला. वाचून माझ्या पायाखालची फरशी सरकली. वर लक्ष्मीचं चित्र, खाली 'अत्यंत प्रभावी गुप्त व्रत'. काकडी होती, भाकरी होती, दिवेलागणीचं जेवण होतं. पुढे कथा होती. एका गावात एक सावकारीण होती. तिनं व्रतात लपून साबुदाणा वडा खाल्ला, त्यामुळे तिच्या मुलाचा व्हिसा नाकारला गेला. मग तिनं पश्चात्तापानं गाजर खाल्लं आणि व्हिसा आला. शेवटी, हा मेसेज अकरा जणींना पाठवावा.

मी तशीच वरच्या मजल्यावर गेले.

"भाग्यश्री, ही कथा कोणाची?"

"माझीच की," ती लाजून म्हणाली. "व्रताला कथा नको का? बायका विचारतात. व्हिसाचं जरा जास्त झालं का हो?"

"अगं, पण हे व्रत नाहीच!"

"हळू बोला काकू, सासूबाई आत आहेत. त्यांनी ऐकून डोळ्याला पदर लावला होता."

मी आयुष्यात हळूच बोलत आले आहे. हळू बोल असं मला पहिल्यांदाच कोणी सांगत होतं. मी खाली आले.

हळदीकुंकवाच्या दिवसांत आणखी पंचाईत. आमच्यातली प्रत्येक जण तिळगूळ घ्यायची, डोळ्यांना लावायची, बोटाच्या टोकानं कण तोंडात टाकायची आणि बाकीचा पर्समध्ये. माझ्या पर्सला मुंग्या लागल्या. पण आरशात बघितलं, तर ब्लाउजच्या बाह्या सैल. जिना चढताना मी मध्ये थांबेनाशी झाले होते. भाग्यश्रीनं तर वरच्या मजल्यावरून खाली येऊन, पुन्हा वर जाऊन, 'बघा, दम नाही' असं म्हणायला पुन्हा खाली यायचा सपाटा लावला.

महाशिवरात्र जवळ आली. डॉक्टरांकडे रक्त द्यायचा दिवस ठरला. त्याच्या आदल्या दिवशी, दुपारी, सोसायटीच्या हॉलमध्ये, माझ्या कानावर न घालता, उद्यापन ठरलं होतं.

"सरप्राईज!" भाग्यश्री म्हणाली आणि मला हाताला धरून हॉलमध्ये घेऊन गेली.

हॉल भरलेला. चौरंग, कलश, रांगोळीत काकडी आणि गाजर काढलेलं. कडेला टेबलांवर पुरणपोळ्यांची चळत, तुपाची वाटी, कटाची आमटी, साबुदाण्याचे वडे, श्रीखंड. दोन महिने बायकांनी जे जे सोडलं होतं, ते ते सगळं तिथे हजर. व्रत सुटणार म्हणून सगळ्यांचे चेहरे उजळलेले. माझ्यासमोर पाट मांडला होता. 'मूळ व्रतधारी' म्हणून पहिला घास माझा. मी खाल्ल्याशिवाय कोणी जेवणार नव्हतं. भाग्यश्रीनं स्वतः पोळीवर तूप सोडलं. तिच्या बोटांना चटके बसलेले दिसत होते. पहाटेपासून लाटत होती.

आता मी काय करावं? खाल्लं, तर एक घास पुरत नाही. पहिल्यानंतर दुसरीचा आग्रह, मग श्रीखंड, आणि उद्या सकाळी ते रक्तात बोलणार. सोमवार गेला, गुरुवार गेला, सासूबाईंची एकादशी गेली. नाही खाल्लं, तर एवढ्या बायकांच्या कष्टांचा अपमान. आणि वर ते खोटं व्रत. कलशावरचा नारळसुद्धा माझ्याकडे बघतोय असं वाटत होतं.

मी उभी राहिले आणि म्हणाले, "मला काही सांगायचंय."

कोणाला ऐकू गेलं नाही. भाग्यश्री 'वाढा वाढा' म्हणत होती. आमचे हे दारात उभे होते. सवयीप्रमाणे ते माझं बोलणं मोठ्यानं सांगायला पुढे आले, पण आज मी हातानंच नको म्हटलं. आहेर कोपऱ्यात माइकपाशी बसले होते, कारण हॉलच्या परवानगीत माइक होता आणि परवानगीतली वस्तू वापरली गेलीच पाहिजे. मी जाऊन तो हातात घेतला.

"हे व्रत नाही," मी म्हणाले.

हॉलमध्ये माझा आवाज एवढा मोठा घुमला, की मीच मागे वळून पाहिलं. मग सगळं सांगितलं. डॉक्टर, साखर, संकल्प, मौन, ओठांवरचं बोट. "मी कोणाला फसवलं नाही, पण कोणाला अडवलंही नाही. उद्या माझं रक्त तपासायचंय. रिपोर्ट वाईट आला, तर माझे सगळे उपवास जातील. मला ही पोळी खाता येणार नाही. भाग्यश्री, मला क्षमा कर."

भाग्यश्रीच्या हातातली तुपाची वाटी तशीच.

"म्हणजे," ती म्हणाली, "मी दोन महिने ओमच्या ताटातला गुलाबजाम बघून न बघितल्यासारखं केलं, ते कोणासाठी?"

"कोठावदे काकूंच्या डॉक्टरसाठी," मागून बी विंग म्हणाली.

कोणी हसलं नाही. भाग्यश्रीचे डोळे भरले. "आणि मी कथा लिहिली हो. आयुष्यात पहिल्यांदा काही लिहिलं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात मोठ्या आहेर काकू उठल्या. "ए भाग्यश्री, माझा गुडघा दुखायचा थांबलाय, तो काय तुझ्या व्हिसानं? चालल्यानंच ना? मग झालं तर."

"माझं ब्लडप्रेशर..." कोणी म्हणालं. "माझी अंगठी सैल झालीय," आणखी कोणी.

"एक अडचण आहे," धनराज आहेर म्हणाले. "हॉलची पावती उद्यापन या नावानं फाडली आहे. व्रतच नसेल, तर उद्यापन कसं होईल? तसा बदल नियमात नाही."

"उद्यापन नकाच करू, माय!" दारातून आवाज आला. मखमलाबादच्या मळ्यातून आमच्या गेटवर भाजी आणणाऱ्या नवसाबाई, डोक्यावर काकड्यांची पाटी घेऊन उभ्या होत्या. "आज उद्यापन केलं, तं उद्यापासून माझी काकडी कोन घेईन? म्या तं वावरात लय वेल लावून ठिवलेत! चालू ऱ्हाऊ द्या तुमचं, व्रत असू द्या का नसू द्या."

आधी आहेर काकू हसल्या. मग बी विंग. आणि मग भाग्यश्री, डोळे पुसत, नाक ओढत, अशी हसली की वाटीतलं तूप साडीवर सांडलं.

"उद्यापन रद्द!" तिनं माइक माझ्या हातातून ओढून घेतला. "जेवण आहे! आधी काकडी, मग भाजी, मग आमटी, पोळी ज्याची त्यानं ठरवायची. आणि आग्रह करायचा नाही. जी आग्रह करेल, तिला आहेर काकांकडे अर्ज करावा लागेल."

नाशिकमधल्या एवढ्या पंगती मी जेवले, पण आग्रह नसलेली ही पहिलीच. वाढणाऱ्या बायका पोळ्यांचं ताट घेऊन नुसत्याच फिरत होत्या, हातांना काय करावं सुचत नव्हतं. मी काकडी खाल्ली, भाजी खाल्ली, आमटी प्यायले आणि भाग्यश्रीच्या पोळीचा एक तुकडा डोळ्यांना लावून तोंडात टाकला. इतकी सुरेख पोळी मी आयुष्यात खाल्ली नव्हती. तिला तसं सांगितलं, मोठ्यानं. साबुदाण्याचे वडे आमच्या ह्यांनी संपवले. ते कुठल्याच व्रतात नव्हते.

दोन दिवसांनी डॉक्टरांनी रिपोर्ट हातात घेतला. या वेळी चष्मा पुसला नाही.

"खाली आलीय काकू. फार नाही, पण आलीय. वजनही उतरतंय. असंच चालू ठेवा."

"आणि उपवास?" हे मीच विचारलं. आमचे हे तोंड उघडत होते, त्यांनी ते मिटलं.

"करा उपवास. ताक, फळ, थोडं दूध, पाणी भरपूर. चक्कर वाटली तर लगेच खायचं. उपवास म्हणजे उपवास करायचा, एवढंच."

बाहेर रूपाली मॅडमनी हाक मारली. "आंटी, आमच्या सासूबाई दिंडोरीहून फोन करतायत. एक व्रत धरलंय त्यांनी. त्यांना विचारायचंय, काकडीच्या आधी पाणी चालतं का?"

"चालतं," मी म्हणाले. "आणि तुम्हीच दिलंय म्हणून सांगा त्यांना ते."

महाशिवरात्रीला सकाळी ताक घेतलं, दुपारी एक पेरू. भाग्यश्री आणि मी संध्याकाळी महादेवाला गेलो. रांग मोठी होती. गाभाऱ्याजवळ पोचलो, पुजाऱ्यांनी बेल वाहिला, सगळीकडे शांत झालं आणि त्या शांततेत माझ्या पोटातून, चांगला लांबलचक, स्पष्ट आवाज आला. पुढच्या बाईनं वळून पाहिलं. मी तर चमकलेच. इतकी वर्षं उपवास केले, पण हा आवाज कधी ऐकला नव्हता. त्याला कधी संधीच दिली नव्हती.

"काकू, काय झालं?" भाग्यश्रीनं कानाशी येऊन विचारलं.

"काही नाही गं," मी पिंडीला हात जोडले. "उपवास लागला."